प्रमाण जांभई

वाईट चित्रपट कशाला म्हणावे, याची कायद्यात कुठेही व्याख्या नव्हती. ही उणीव तशी कोणाच्या लक्षातही आली नसती; पण एका मंत्र्यांनी आपल्या सासूबाईंना वाढदिवसानिमित्त चित्रपट दाखवायला नेले, आणि तो पाहून आल्यावर सासूबाई तीन आठवडे जावयाशी बोलल्या नाहीत. पहिला आठवडा मंत्र्यांना बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात बायकोही बोलेनाशी झाली, तेव्हा हा प्रश्न सार्वजनिक हिताचा असल्याची त्यांची खात्री पटली. महिन्याभरात परिपत्रक निघाले. यापुढे प्रत्येक चित्रपटाच्या वाईटपणाचे अधिकृत मोजमाप होणार होते आणि तो आकडा तिकिटावर छापला जाणार होता.

या कामासाठी माणूस हवा होता. चित्रपटातले जाणकार बोलावावेत तर ते आपसातच एकमेकांच्या झिंज्या उपटतील, म्हणून ज्याला चित्रपटातले ओ की ठो कळत नाही पण मोजता मात्र येते, अशा माणसाचा शोध सुरू झाला. वजने-मापे खात्यात असे एक निरीक्षक सापडले. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हते. तराजूचा काटा जिथे थांबेल तिथेच हा माणूस थांबतो, कोणाच्या शब्दाखातर सूतभर इकडे-तिकडे होत नाही, म्हणून पडलेले नाव. एकदा त्यांनी सख्ख्या साडूच्या दुकानातली वजने जप्त केली होती. तेव्हापासून साडू त्यांना दारातच पाणी विचारत असे.

काटेसाहेबांनी बदलीला हरकत घेतली. उभ्या आयुष्यात आपण सहा चित्रपट पाहिले आहेत, त्यातल्या दोनांत झोप लागली होती, असे त्यांनी लेखी कळवले.

"म्हणूनच तर तुम्हाला घेतलंय," उपसंचालक म्हणाले. "तुमचं मत नकोय आम्हाला. आकडा हवाय."

आकडा म्हटल्यावर काटेसाहेबांचा नाइलाज झाला. निकृष्ट चित्रपट निर्धारण कक्षात ते रुजू झाले आणि पहिले तीन आठवडे रोज एका चित्रपटगृहात पडद्याकडे पाठ करून बसले. चित्रपट काय दाखवतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. माल तोलायचा तर काट्याकडे बघावे, मालाकडे नाही, हा त्यांचा नियम. प्रेक्षक किती वेळा घड्याळ पाहतात, किती जण लघवीला जाऊन परत येत नाहीत, खुर्च्या किती कुरकुरतात, हे सगळे त्यांनी टिपले आणि खोडले. हसू माणूस शेजारच्याला बरे वाटावे म्हणूनही आणतो. डोळे तर सर्दीनेही पाणावतात. जांभई मात्र कोणाच्या भिडेखातर येत नाही आणि आली की झाकून झाकत नाही. तेव्हा शंभर प्रेक्षक, एक तास आणि त्यातल्या जांभया, असे माप ठरले. खात्याने ते जसेच्या तसे मंजूर केले.

पण माप म्हटले की त्याचे मूळ लागते. किलो म्हणजे किती, हे सांगायला कुठेतरी एक मूळ किलो कुलपात ठेवलेला असतो. तसा सर्वांत वाईट चित्रपट एकदाचा ठरवून, कुलपात ठेवून, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहणे आले. जनतेकडून माहिती मागवण्यात आली: आपण आजवर पाहिलेला सर्वांत वाईट चित्रपट कोणता?

सरकारी प्रश्नाला इतके भरभरून उत्तर पूर्वी कधी आले नव्हते. घरात माणसे किती, हे विचारले की दार न उघडणारे लोक पानेच्या पाने लिहून पाठवू लागले. एका निवृत्त न्यायाधीशांनी चौदा पानी निकालपत्र दिले. एका बाईंनी लिहिले होते की, लग्न ठरण्याआधी ह्यांच्याबरोबर जो चित्रपट पाहिला त्याच्यापेक्षा वाईट पुढे काहीच झाले नाही, एवढ्याचाच आधार आहे. टपालाची पोती जिन्यात रचावी लागली. आणि त्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येत होते: 'वादळातली वहिनी'.

हा चित्रपट तीस वर्षांपूर्वी एकाच चित्रपटगृहात चार दिवस चालला होता. तिथे तो जितक्या लोकांनी पाहणे शक्य होते, त्यांच्या अकरापट लोकांनी तो पाहिल्याचे शपथेवर कळवले.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात अशी. वहिनी वादळात सापडते. वादळ टेबलफॅनचे असल्यामुळे ते डावीकडून येते आणि मधूनमधून मान वळवते. वहिनी मध्यंतराला मरते. तिचा दीर बावीस मिनिटे रडतो आणि रडता रडता कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगतो. मध्यंतरानंतर वहिनी चहा घेऊन येते, सगळे चहा घेतात, आणि ती मेली होती याचा उल्लेख पुढे कोणी करत नाही.

चाचणीत तासाला सहाशे चाळीस जांभया भरल्या. एका प्रेक्षकाचा जबडा उघडा तो उघडाच राहिला. ती एक जांभई धरावी की दर मिनिटाला नवी, यावर विधी विभागाचे मत मागवण्यात आले. ते अजून आलेले नाही.

नियमाप्रमाणे चित्रपट काढणाऱ्याला नोटीस गेली. आपला चित्रपट सर्वांत वाईट म्हणून जाहीर का करू नये, याबद्दल तीस दिवसांत म्हणणे मांडावे. दुसऱ्याच दिवशी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कक्षात हजर झाले. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. आयुष्यभर औषधाच्या पुड्या बांधल्या आणि मध्ये एकदा हा चित्रपट काढला. आता हे आरडाओरडा करणार म्हणून शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. कंपाउंडरांनी खुर्चीच्या टोकावर बसून हळूच विचारले, की चित्रपट जिथे ठेवणार ती खोली थंड असते का.

"असते," काटेसाहेब म्हणाले. "मूळ मापाला ऊन-वारा लागू देत नाहीत."

"मग माझी हरकत नाही. उलट विनंती आहे." कंपाउंडरांनी सावकाश सांगितले. चित्रपटाची एकच प्रत उरली होती. ती दवाखान्यातल्या बाकाखाली डब्यांत होती, डबे गंजले होते आणि झाकण काढले की आंबूस वास यायचा. "वहिनी म्हणजे आमची मंडळी. मी तिला मध्यंतराला मारली, तर ती म्हणाली, मला आता कुठं काम जमायला लागलंय, एवढ्यात काढू नका. म्हणून पुढंही ठेवली. ती जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज आता दुसरीकडे कुठं नाही, साहेब. नुसता वाईट ठरून भागायचं नाही. सर्वांत वाईटच ठरला पाहिजे."

 काटेसाहेब एवढेच म्हणाले, की काटा जिथे थांबेल तिथे थांबेल.

काटा वहिनीवर थांबला. तिच्यासाठी खास दालन झाले. पोलादी दार, दोन पहारेकरी, उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागेल असा गारवा आणि मधोमध एकच मांडणी. भिंतीपलीकडे जुन्या, नावाजलेल्या चित्रपटांचे कोठार होते. त्याचे छप्पर गळत असे. तिथल्या कारकुनाने बादल्यांची मागणी नोंदवली होती. तिच्यावर 'चित्रपट निकृष्ट असल्याचा दाखला जोडावा' असा शेरा येऊन ती परत आली.

वहिनीचे नाव मात्र घरोघरी पोचले आणि लोकाग्रहास्तव खात्याच्या सभागृहात तिचे खेळ सुरू झाले. पाहुणे आले की लोक त्यांना ती दाखवायला नेऊ लागले. शनिवारी-रविवारी रांगा लागल्या. दीर रडू लागला की अख्खे सभागृह त्याच्या आधी किल्लीची जागा सांगे. कंपाउंडर दर गुरुवारी येत, मागच्या रांगेत बसत, आणि वहिनी चहा घेऊन आली की लोक शिट्ट्या मारत तेव्हा खाली मान घालून हसत. बायकोला असे कोणी डोक्यावर घेईल, हे त्यांना स्वप्नातही वाटले नव्हते.

वर्षअखेरीला नियमाप्रमाणे मूळ मापाची फेरतपासणी झाली. शंभर प्रेक्षक, एक तास. जांभया भरल्या तीन. त्यातली एक पहारेकऱ्याची.

खात्यात हलकल्लोळ माजला. सर्वांत वाईट चित्रपट पाहताना लोक खूश होऊ लागले, तर माप कशाचे घ्यायचे? नवा वाईट चित्रपट तातडीने हवा होता आणि लांबून आणायला वेळ नव्हता. उपसंचालकांनी शेजारच्या कोठारातून हाताला लागेल तो चित्रपट आणायला सांगितला. एक आला. तो काढणारा कधीच वारला होता, आणि त्याच्या डब्यांवरून पाणी ओघळत होते.

ऐन वेळी शंभर माणसे भरेनात, म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बसवण्यात आले. काटेसाहेबांची बायको एकसष्टाव्या खुर्चीवर होती. काटेसाहेब नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, वही उघडून बसले. दिवे मालवले आणि पाचव्या मिनिटाला जांभयांचे पीक आले. पुढची रांग जांभया देऊ लागली, मागच्यांनी ती साथ उचलली. ज्यांना जांभई येत नव्हती त्यांनी खिशातून फोन काढले आणि त्यांच्या उजेडात शेजाऱ्यांच्या जांभया मोजायला सोप्या झाल्या. काटेसाहेबांची पेन्सिल थांबेना.

मग त्यांची नजर एकसष्ट नंबरवर गेली. बायको जांभई देत नव्हती. रडतही नव्हती. तिचे हात मांडीवर उघडे पडले होते, कोणीतरी विसरून गेल्यासारखे. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा पाहिला नव्हता. पाठीमागे असे काय चालले आहे, म्हणून त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच मान वळवली.

पडद्यावर एक घड्याळजी आपल्या म्हाताऱ्या आईचे केस धूत होता. कोणी काही बोलत नव्हते. तो तांब्याने पाणी घालत होता आणि तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हाताचा आडोसा धरत होता. बस, एवढेच.

काटेसाहेबांच्या वहीत त्यानंतरची अकरा मिनिटे कोरी आहेत. ती सोडूनही जांभया सातशे बारा भरल्या.

 घरी चालत येताना बायकोने विचारले, "अहो, तुम्ही मोजत होतात की बघत होतात?"

"मोजत होतो," काटेसाहेब म्हणाले. आयुष्यात त्यांनी दिलेले हे पहिले खोटे माप.

दुसऱ्या दिवशी उपसंचालकांनी अहवाल मागितला. काम सरळ होते. सातशे बारा म्हणजे सहाशे चाळीसपेक्षा जास्त. नवा चित्रपट सर्वांत वाईट, तो दालनात, वहिनी बाहेर. सही केली तर घड्याळजी आणि त्याची आई वाचणार होते, कपाळावर निकृष्टतेचा शिक्का घेऊन का होईना. आणि कंपाउंडरांची मंडळी पुन्हा बाकाखाली. सही नाही केली तर वहिनी राहणार, घड्याळजी गळक्या छपराखाली जाणार आणि काटेसाहेब खोटे ठरणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काटा दोन्हीकडे.

कंपाउंडर कापडी पिशव्या घेऊन आले होते. त्यांनी गयावया केली नाही. "बाक पुसून ठेवलाय," एवढेच म्हणाले.

काटेसाहेब दुपारभर कोऱ्या कागदासमोर बसून राहिले. माल दोनदा तोलला, दोन्ही वेळा आकडा बरोबर होता आणि दोन्ही वेळा उत्तर चुकले. बाजारात असे झाले की ते मालाला दोष देत नसत; तराजू उचलून बघत. संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहिला. त्याचा मुख्य भाग असा:

'तपासणीत चित्रपट दोषी आढळले नाहीत. शंभर प्रेक्षकांचा काटाच मुळात एका बाजूला कललेला आढळला. तराजूची पारडी रिकामी असतानाही एक पारडे खाली जात असेल, तर दुसऱ्या पारड्याला वजन बांधून तो समतोल करतात. त्यास पासंग म्हणतात. सबब, मूळ माप पूर्ववत ठेवून, शेजारच्या कोठारातील चित्रपट पासंग म्हणून त्याच दालनात कायम ठेवावा. खर्च नाही.'

उपसंचालकांनी शेवटचे दोन शब्द वाचले आणि मंजुरी दिली. बाकीचे त्यांनी आजतागायत वाचलेले नाही. कंपाउंडर रिकाम्या पिशव्या घडी करून घरी गेले. घड्याळजीचे डबे पुसून वहिनीच्या खालच्या फळीवर ठेवण्यात आले आणि त्यांवर चिठ्ठी चिकटवली: 'पासंग. स्वतंत्र मूल्य नाही.'

या गोष्टीला चार वर्षे झाली. दोन्ही चित्रपट अर्ज केल्यास जनतेला पाहता येतात. अर्ज एकच आहे, फक्त चित्रपटाचे नाव लिहावे लागते. वहिनीची यादी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरली आहे. दुसऱ्या चित्रपटासाठी चार वर्षांत एकाच बाईंचे अर्ज आले, नऊ वेळा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर एक निवृत्त निरीक्षक होते.

खिडकीवरचा कारकून सांगतो, की लोक तिथे वाटेल ते विचारतात. वहिनी खरंच मेली होती का, पंखा कोणत्या कंपनीचा, किल्ली शेवटी सापडते का. त्या दुसऱ्या चित्रपटाचे नाव काय, हे मात्र अजून कोणी विचारलेले नाही. तुम्हीही गोष्ट इथवर वाचलीत, वाचकहो. ते नाव वर कुठेही आलेले नाही.