झाकलेला आहेर

"ह्या कानाचं त्या कानाला कळलं, तर नावाचा लिंगराज न्हाई!" असं म्हणून लिंगराजअप्पांनी सुपारीचं खांड दाढेखाली कडाड्‌दिशी फोडलं. समोर ऐकायला फक्त त्यांची बायको चन्नबसम्मा होती, आणि तिचंही निम्मं चित्त चुलीवरच्या दुधात होतं.

"कुणाला कळायचं न्हाई?" तिनं विचारलं.

"कुणालाच! तेच तर सांगायलोय!"

"मग मला कशाला सांगायलाव?"

आता ज्याच्या पोटात एवढा नामी बेत शिजतोय त्यानं तो निदान घरात तरी वाढू नये का?

गोष्ट अशी होती. पांगरखेड गाव करपऱ्याच्या काठी. पावसाळा लागला की नदी गावाला कुशीत घ्यायची ती दिवाळीपर्यंत सोडायची नाही. बोरीचा बाजार पलीकडे, गावातल्या निम्म्या लेकी पलीकडे, वैद्य पलीकडे. लढाई संपली, साखर मात्र अजून रेशनवर होती, त्या साली निजाम सरकारच्या मनात कुठून दया आली कोण जाणे, नदीवर दगडी फरशीचा पूल, गावच्या तोंडी नुसती 'फरशी', मंजूर झाला. त्याच्या गुत्त्याचा, म्हणजे बांधकामाच्या ठेक्याचा, हर्रास बोली लावून येत्या मंगळवारी कचेरीत व्हायचा होता.

अप्पांची चुन्याची भट्टी होती. मंजुरीची कुणकुण लागल्याबरोबर त्यांनी गुत्ता आपलाच धरून भट्टीवर भट्टी लावली, दगड फोडून घेतला, आणि भाजलेल्या चुनकळीचा हा ढीग करून ठेवला. छपराखाली तो ढीग गाभण म्हशीसारखा बसला होता. कोरडा होता तोवर सोनं. वरून एक सर आली की सगळं फसफसून मातीमोल. त्यामुळे वळवाचा एखादा चुकार ढग दिसला तरी अप्पा त्याच्याकडे सावकारानं दारात यावं तसे बघायचे. गुत्ता गेला, तर घराची भिंत विकून भट्टीच्या लाकडाचे पैसे द्यावे लागणार होते.

तर गुत्ता मिळायला पाहिजे. आणि गुत्ता मिळायचा म्हणजे दिनकरराव देशमुख निवडून यायला पाहिजेत. गावात नवी कमिटी होऊ घातली होती. बाकीचे मेंबर सरकार नेमणार, एक तेवढा लोकांनी निवडायचा. त्या एका जागेसाठी दिनकरराव उभे होते, आणि कचेरीत आत्ताच त्यांचा शब्द झेलायला दोन-दोन कारकून उभे राहत.

पारावर बसून दिनकररावांनी अप्पांना फोड करून सांगितलं होतं, "अप्पा, विलेक्शन म्हंजी दुसरं लगीनच बघा. मांडव तेवढाच, जेवणावळ तेवढीच, रुसवे तेवढेच. फकस्त नवरी कुणाची ते आखरीला कळतंय! तुमच्यासारख्यानं जरा हात लावला तर..."

"आन् फरशीचं, रावसाहेब?"

"फरशी तुमच्याच चुन्यात बसती की! दुसऱ्या चुन्यात तिला करमल का?"

आता हात लावायचा कसा? दिवसा वाड्यावर जावं तर अख्खं गाव दारात. बन्सीधर शेठ तर डोळ्यांत तेल घालून बसलेला. त्यालाही तोच गुत्ता हवा होता. पण देवाच्या दयेनं दिनकररावांच्या थोरल्या लेकीचं, मनकर्णाचं लग्न ह्याच शुक्रवारी होतं. लग्नात आहेर कोण करत नाही? अप्पांनी चांदीचा तांब्या काढला, निजामी हाली रुपयांनी गच्च भरला, वरून तांदूळ लोटले आणि लाल खणानं तोंड आवळून बांधलं. गुलाबाची कळी जशी पाकळीत पाकळी मिटून बसते, तसा तो तांब्या आपलं गुपित मिटून बसला.

"आन् आश्रुबा?" दूध उतरवता उतरवता चन्नबसम्मानं विचारलं.

आश्रुबा देवळाचा गुरव. लग्नात आहेर पुकारायचा मान त्याच्या घराण्याचा. मांडवाच्या मध्ये उभं राहून कुणाचा आहेर, काय आहेर, ते खड्या आवाजात सांगायचं. आणि आवाज असा, की त्यानं इकडं खाकरलं तर बोरीच्या बाजारात बैल कान टवकारायचे!

अप्पा गालात हसले. "त्याचं तोंड मी कवाच बांधून आलोय! जरीचा फेटा दिला त्याला."

"तोंड बांधायला फेटा?"

"अगं, गप राहावं म्हणून!"

"तसं म्हणलाव त्याला?"

"असलं कुणी तोंडानं म्हणतंय व्हय? म्हणलं, आश्रुबा, आमच्या आहेराचं जरा बघ. आन् एक डोळा मिटला. समजला तो!"

चन्नबसम्मानं साय बाजूला सारली, दूध ओतलं.

आश्रुबा समजला होता. अगदी पुरेपूर समजला होता! पण काय समजला, ते समजायला त्याच्या घराण्याचा रिवाज ठाऊक हवा. पुकारणाऱ्याला खोबऱ्याची वाटी दिली तर तो नुसतं नाव घ्यायचा. धोतर दिलं तर बापाचं नाव जोडायचा. लुगडं मिळालं तर आजा-पणजा. फेटा मात्र त्याच्या बापालाही कधी कुणी दिला नव्हता, मग जरीचा तर सोडाच. अप्पांची पाठ वळली तसे आश्रुबाचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या गळ्याची किंमत केली! दुसऱ्या दिवशी बायका विहिरीवर गेल्या तर आश्रुबा आत तोंड घालून आवाज घुमवत होता.

"काय करायलाव, आश्रुबा?" दगडाबाईनं विचारलं.

"रियाज!" विहिरीतून उत्तर आलं.

शुक्रवारी मांडव दणक्यात भरला. पुढं खुर्चीवर खुद्द तहसीलदारसाहेब. डोक्यावर लाल रूमी टोपी, हातात गुलाबपाण्याची दाणी. शेजारी बन्सीधर शेठ, तोंडात पान आणि नजर सगळीकडे. अक्षता पडल्या, जेवणाआधी आहेर सुरू झाले. आश्रुबा जरीचा फेटा बांधून मोराच्या दिमाखात उभा होता. पण तोंडानं मात्र भराभर उरकायला लागला.

"दगडाबाईचं एक लुगडं! लिंबाजीची एक परात! पाटलांचा शेला! चला, चला, बिगी बिगी!"

अप्पा हरखले. बघा! आपला आहेर त्यानं पार शेवटाला ठेवला. लोक पंगतीला उठतील, गोंधळ होईल, त्यात हळूच उरकील. शहाणा गडी!

शेवटचा तांब्या आश्रुबानं दोन्ही हातांत घेतला. अन् सनईवाल्याकडे वळून ओरडला, "बंद कर रे ते!"

सनई बंद. डफ बंद. रडणारी लेकरंसुद्धा आ वासून गप्प!

"ऐका मंडळीऽऽ! बसवण्णाचे भक्त, मल्लिकार्जुनअप्पाचे पणतू, विरूपाक्षअप्पाचे नातू, शंकरअप्पाचे सुपुत्र, चुन्याच्या भट्टीचे धनी, करपऱ्याच्या फरशीचे गुत्तेदाऽऽर..."

अप्पांनी हातानं 'खाली, खाली' अशी खूण केली.

"बघा! बघा!" आश्रुबा गहिवरला. "एवढा मोठा माणूस, आन् वर नको-नको म्हणायलाय! ...लिंगराजअप्पा यांच्याकडून आहेर! चांदीचा तांब्या! आत..." त्यानं तांब्या हातात तोलला आणि त्याचे डोळे विस्फारले. "अबबब! आत तांदूळ न्हाईत हे!"

झाकलेला आहेर चारचौघांत उघडून दाखवायचा, म्हणजे मागून वरपक्षाची कुरकुर नको, हाही रिवाजच. अप्पा "अरे, अरे!" म्हणेपर्यंत खणाची गाठ सुटली आणि परातीत रुपयांचा असा पाऊस पडला, की सनईवाल्याला आपलं वाजवणं व्यर्थ वाटलं.

पहिला उठला तो बन्सीधर. "गुत्तेदार? कोन गुत्तेदार? हर्रास तर मंगळवारी हाय!"

तहसीलदारसाहेबांनी गुलाबदाणी खाली ठेवली. "हां, हमकू बी मालूम नहीं. अप्पा, ये क्या माजरा है?"

मांडवातली सगळी मुंडकी अप्पांकडे वळली. त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं.

"न्हाई साहेब! गुत्ता न्हाई! मला गुत्ता नकोच हाय!"

"गुत्ता नको, तो ये पैसा काहे का?"

"ते... फरशीचंच हाय, पर... फरशीसाठी... म्हंजी गुत्त्याचं न्हाई..."

अप्पा बोलत होते तसतसे चिखलात रुतलेल्या गाडीसारखे आत आत जात होते. आता आपलंही चाक रुतणार, हे दिनकररावांनी ओळखलं. देशमुखाचं डोकं! त्यांनी पुढं होऊन अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"अप्पा, आता झाकून काय उपेग? सांगूनच टाकतो. साहेब, ह्यांना गुप्तदान करायचं होतं! फरशी हे धर्मार्थ बांधून देणार हायत. सरकारचा एक पैसा नको म्हणतेत. ही मजुरीची रक्कम माझ्याकडं ठेवायला दिली, आन् कुणाला बोलू नका म्हणून बसवण्णाची आण घातली. आश्रुबानं घोटाळा केला बघा!"

"सुभानल्ला!" साहेब उठले. त्यांनी अप्पांना कडकडून मिठी मारली. "ऐसे आदमी अब मिलते कहाँ!"

"रावसाहेब, आवो..." साहेबांच्या खांद्यावरून अप्पा पुटपुटले.

"बोला ना अप्पा," दिनकरराव गोड हसले. "का आमी खोटं सांगायलोय?"

आता 'हो' म्हणावं तर चुना जातोय, 'नाही' म्हणावं तर अब्रू आणि कदाचित बेडी! तेवढ्यात बन्सीधर शेठ, ज्याला गुत्ता गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं तो, सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "बोला, लिंगराजअप्पा की जय! चुना त्यांचा! दगड बी त्यांचाच!"

अप्पा तरीही काहीतरी बोलणारच होते. पण बायकांच्या घोळक्यातून दिनकररावांची बायको नर्मदाबाई पुढं आली. तिला ह्या खेळातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेक करपऱ्याच्या पलीकडे दिलेली. पहिली नागपंचमी ती नदीच्या त्या काठाला उभी राहून काढणार, म्हणून हळदीपासून माउली पदरानं डोळे टिपत होती. तिनं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अप्पा, माझी मनू पंचमीला घरी येईल आता. पाठच्या भावानं केलं नसतं ते तुमी केलंव."

लिंगराजअप्पा तिच्या विस्कटलेल्या मळवटाकडे बघत राहिले.

"येईल, बाई," ते म्हणाले. "पंचमीच्या आत करतो."

आणि केली, तीही नदीला पाणी यायच्या आत! मंगळवारचा हर्रास रद्द झाला. गाभण म्हशीसारखा तो ढीग छपराखालून निघाला आणि करपऱ्याच्या पात्रात दगडादगडांत जाऊन बसला. अप्पांनी बैलजोडी विकून लाकडाचे पैसे भागवले. सरकारातून मंजूर झालेली रक्कम कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. साहेबांच्या बंगल्याला मात्र त्या साली नवी पडवी निघाली. तांब्यातले रुपये 'मजुरीसाठी' दिनकररावांकडेच राहिले, मजुरांना गूळ-पाणी देऊन ते भाषण करत राहिले, आणि फुकटात फरशी आणणारा माणूस म्हणून दणदणीत निवडून आले. म्हणजे तसं बघितलं तर ज्या कामासाठी अप्पांनी तांब्या दिला होता, ते काम चोख झालं!

पंचमीला मनकर्णा आली. फरशीवर गाडी थांबवून तिनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं. घरी परतणारे अप्पा झाडाआड थबकले. गाडीतल्या बायकांनी ओवी धरली होती:

*करपऱ्याच्या गळ्यामंदी, दगडाची गं साखळी*
*लिंगराज बंधवानं, वाट माहेरा केली मोकळी*

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. चुना फार झोंबतो डोळ्यांना.

पुढच्या उन्हाळ्यात दिनकररावांच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. ह्या खेपेला अप्पा शहाणे झाले होते. आहेर एक नारळ. नुसता नारळ! तोही साल न काढलेला. आश्रुबाला फेटा नाही, धोतर नाही, खोबऱ्याची वाटीसुद्धा नाही.

पण आश्रुबा जरीचा फेटा विसरला नव्हता. सगळे आहेर झाल्यावर त्यानं सनई थांबवली.

"गुप्तदानी लिंगराजअप्पा यांच्याकडून... नारळ!"

कुणी जागचं हललं नाही. सगळे पुढचं ऐकायला थांबले होते.

"नारळच हाय!" अप्पा घाईघाईनं म्हणाले. "बाकी काय न्हाई!"

"मागल्या खेपेला बी असंच म्हणलं होतंव," बन्सीधर हळूच बोलला.

दिनकरराव उठले. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला, तहसीलदारसाहेबांच्या कानाशी हलवला, आणि आश्रुबाच्या हातात दिला. झाकलेला आहेर उघडायचाच होता. आश्रुबानं तो दगडावर आपटला. भळाभळा पाणी वाहिलं.

"पाणी!" दिनकररावांचा आवाज भरून आला. "मंडळी, कळली का खूण? अप्पांनी गावच्या विहिरीचं मनावर घेतलं!"

"लिंगराजअप्पा की जय!" ह्याही वेळी पहिला बन्सीधरच.

साहेब मिठी मारायला पुढं येत होते. अप्पांनी मान वळवून बायकांच्या घोळक्यात चन्नबसम्माला शोधलं. ती तोंडाला पदर लावून गदगदत होती. रडत होती का हसत होती, ते तिथून कळत नव्हतं.

"अगं," अप्पांनी तिथूनच विचारलं, "भट्टीत चुना किती उरलाय गं?"