गुडघे टेकणारी गाडी

सासऱ्यांच्या फाटकाला दोन दारं होती. धाकटे जावई आपल्या छोट्या गाडीतून आले की त्यातलं एकच उघडे, तेही धाकट्यांच्या बायकोला खाली उतरून उघडावं लागे. थोरले जावई त्यांच्या लांबलचक काळ्या परदेशी सेडानमधून आले, की दोन्ही दारं सताड उघडत आणि ती उघडायला स्वतः सासरे गुडघे चोळत पायऱ्या उतरून येत. पोर्चमध्ये एकच गाडी मावत असे. ती कोणाची, हे ठरवायला कधी कुटुंबाची बैठक भरली नव्हती, पण धाकट्यांची गाडी नेहमी रस्त्यावर, झाडाखाली उभी असे. त्या झाडावर पक्ष्यांची मोठी वसाहत होती.

त्यामुळे एका रविवारी जेवणानंतर थोरले हात पुसत सहज म्हणाले, "गाडी काढून टाकावी म्हणतो," तेव्हा धाकट्यांना ठसका लागला.

"काढायची? का हो दादा?"

"कंटाळलो. इतकी सुरेख चालते, की आपण गाडी चालवतोय असं वाटतच नाही. बाहेरच्याला द्यायला मात्र जीव होत नाही बघा. घरातल्या घरात राहिली असती तर..." थोरल्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. उरलेलं अर्धं धाकट्यांनी आठ दिवसांत पुरं केलं.

"ताई फोनवर हसत होती," बायको म्हणाली. "इतकी लाडकी गाडी विकल्यावर कोणी एवढं हसतं?"

"मोठ्या मनाची माणसं आहेत ती," धाकटे म्हणाले.

पहिल्या दिवशी गाडी खरोखरच सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटे खाली जाऊन पाहतात, तर ती बसली होती. पंक्चर नव्हतं, चारही चाकं शाबूत होती. वरचा सगळा डोलारा मात्र रात्रीतून खाली येऊन चाकांवर टेकला होता. पोटभर जेवून जागच्या जागी पेंगलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

"साहेब," वॉचमनने विचारलं, "रात्री टपावर कोणी झोपलं होतं का?"

शहरात परदेशी गाड्यांचा एक नावाजलेला स्पेशालिस्ट होता. त्याला मेकॅनिक म्हटलेलं आवडत नसे. त्याच्याकडे अपॉइंटमेंट घ्यावी लागे. बाहेर सोफा, मासिकं आणि कॉफीचं यंत्र होतं, आणि गाडी तपासून आल्यावर तो नातेवाइकांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोले.

"हिच्यात स्प्रिंगा नसतात, साहेब. हवेचे फुगे असतात. त्यातली हवा गेली की बसते."

"पण हवा का जाते?"

"वय," स्पेशालिस्ट म्हणाला. "सध्या काही करू नका. गाडी चालू केली की पंप हवा भरतो, पंधरा मिनिटांत उठते. मागचे साहेब तेच करायचे."

"मागचे साहेब? म्हणजे तुम्ही हिला ओळखता?"

"ओळखता काय म्हणता?" त्याने प्रेमाने चौफेर नजर फिरवली. "हा एसी हिच्या गिअरबॉक्सवर बसवलाय. ही काचेची केबिन कूलंटच्या गळतीची. कॉफीचं यंत्र गेल्या वर्षीच्या सेन्सरचं. मागचे साहेब तुम्ही बसलाय त्याच सोफ्यावर बसायचे. फार सज्जन माणूस. शेवटी शेवटी काही बोलायचे नाहीत, नुसते बसून राहायचे."

धाकटे सोफ्यावरून उठून उभे राहिले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ताच्या आत्ता जा आणि भाऊजींना म्हणावं, घ्या तुमची गाडी परत."

"आणि काय सांगू? की तुम्ही मला टोपी घातलीत आणि मी ती कानापर्यंत ओढून घेतली? बाबांसमोर?"

"मग ठेवा तिला उराशी धरून."

धाकट्यांपुढचा पेच साधा होता. गाडी जायला हवी होती आणि नाक राहायला हवं होतं. एकेक गोष्ट सोपी होती, दोन्ही एकदम साधणं महाकठीण. तोवर बायकोने ठरवून ठेवलेलं स्वयंपाकघराचं काम हप्त्याहप्त्याने पुढे सरकत होतं. आधी वरची कपाटं रद्द झाली, मग खालची. "माझे कप्पे तुमच्या रेडिएटरात गेले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ज्यांना रेडिएटर माहीत नव्हता त्यांना वाटे, काहीतरी गुंतवणुकीची योजना असावी.

सासरी मात्र फाटकाची दोन्ही दारं उघडू लागली. आणि दर रविवारी, चहाच्या वेळी, दोघे साडू समोरासमोर बसू लागले.

"कशी आहे मग आपली गाडी?" थोरल्यांनी विचारलं.

"झकास! एक तक्रार नाही."

"एकही नाही?" थोरल्यांचा कप ओठांपाशी थांबला. "डावीकडून कधी आवाज वगैरे?"

"कसला आवाज?"

"नाही, कसलाच नाही. आवाज येत नाहीच. म्हणूनच विचारलं."

"तुमच्या वेळी यायचा का?"

"छे! माझ्या वेळी तर चिडीचूप असायची." थोरल्यांनी बिस्किट बुडवलं. ते तुटून चहात पडलं. "आणि सकाळी? म्हणजे सकाळी बघितल्यावर ती... प्रसन्न वाटते ना?"

"उभी असते ताठ. आपली वाट पाहत."

"ताठ," थोरले पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख उमटलं, की क्षणभर धाकट्यांना बरं वाटलं. तीन वर्षं ज्या गाडीने आपल्याला रडवलं ती या माणसाकडे जाऊन सुधारली कशी, हे थोरल्यांना विचारता येत नव्हतं. विचारलं तर तीन वर्षं ती रडवत होती हे कबूल करावं लागलं असतं. धाकट्यांनाही खरं सांगता येत नव्हतं. दोघेही चमच्याने बिस्किटाचा गाळ ढवळत बसले.

अशाने वर्षभर काही बिघडलं नसतं. पण सासऱ्यांना एका रविवारी गाडीतून चक्कर मारायची हुक्की आली. ते पुढे बसले, सासूबाई आणि बायको मागे. तळ्यापर्यंत जाऊन गाडी बिनबोभाट परत आली, पोर्चमध्ये थांबली. धाकट्यांनी इंजिन बंद केलं. स्वागताला थोरले पायरीवर उभे होतेच. सासरे आता उतरतील आणि आपण सुटू, एवढ्यात सासऱ्यांना त्यांच्या ऑफिसातली एक जुनी गोष्ट आठवली. त्यांच्या गोष्टी लांब असत. आणि गाडीला बसायला पूर्वी रात्र लागे, त्या आठवड्यापासून पाच मिनिटं पुरत होती.

सासरे गोष्टीच्या मध्यावर असताना खालून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग गाडी, आतल्या चौघांसह, संथपणे खाली जाऊ लागली.

"अहो, जमीन वर येतेय!" सासूबाई ओरडल्या.

पायरीवरच्या थोरल्यांचे डोळे चमकले. इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. "काय झालं हो धाकटे?" त्यांनी आवाजात काळजी घालून विचारलं. "काही बिघाड?"

अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते त्याचं नसतं, त्याच्या नाकाचं असतं. "बिघाड कसला?" धाकटे शांतपणे म्हणाले. "बाबांना उतरायला त्रास नको म्हणून गाडी खाली बसते. गुडघ्यांसाठी सोय आहे ती. उतरा बाबा, टेका पाय."

सासऱ्यांनी दार उघडलं, पाय टाकला. तो सपाट जमिनीवर पडला. दुसरा टाकला. आणि कोणाचा हात न धरता, 'आई गं' न म्हणता, ते उभे राहिले. उभे राहून त्यांनी आधी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग हळूहळू थोरल्यांकडे.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं तुम्ही मला या गाडीत चढवलंत, उतरवलंत. एकदाही ही सोय वापरली नाहीत?"

"बाबा, ते... मला वाटलं..."

"माझे गुडघे मोडत होते आणि तुम्ही साधं एक बटण दाबलं नाही!"

"बटण नाहीये, बाबा," धाकटे म्हणाले. आता त्यांना थांबता येईना. "गाडीला आपोआप कळतं, कोण बसलंय ते."

परत निघताना धाकट्यांनी आधी इंजिन चालू केलं आणि मग निरोप घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या तब्येतीची सविस्तर चौकशी होईपर्यंत गाडी गुपचूप उठली.

तीन दिवसांनी थोरले 'इकडून सहज चाललो होतो' म्हणत धाकट्यांच्या घरी आले. वास्तविक ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. बराच वेळ हवापाण्यावर बोलून ते म्हणाले, "ती गाडी... तुम्हाला तशी मोठीच पडत असेल ना?"

त्या तीन दिवसांत त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. बिघाड नव्हताच तो! सोय होती. स्पेशालिस्टने आपल्याला लुटलं आणि आपण सोन्यासारखी गाडी या साध्याभोळ्या माणसाच्या हाती दिली.

धाकट्यांना तिथल्या तिथे किल्ली काढून द्यावीशी वाटली. पण लगेच हो म्हटलं तर संशय येईल. "छे हो दादा, जीव जडलाय तिच्यावर."

"तरी पण..."

"नाही म्हणजे नाहीच. तिच्याशिवाय मला..."

आतून बायको चहा घेऊन आली. तिने ट्रे असा ठेवला, की थोरल्यांची बशी फिरून जागेवर आली. "यांचं काय ऐकता, भाऊजी? तुमचीच होती, तुम्हीच न्या. आम्ही घेतली त्याच भावात."

"बघा बुवा," धाकटे जड आवाजात म्हणाले. "हिच्यापुढे माझं काही चालत नाही."

"रविवारी एक चक्कर मारून बघतो," थोरले उठता उठता म्हणाले. "तसा प्रश्नच नाही. आपलं एक समाधान."

चक्कर म्हटल्यावर धाकट्यांची झोप उडाली. गाडी मध्येच भलत्याच जागी बसली तर? दुसऱ्याच दिवशी ते स्पेशालिस्टच्या सोफ्यावर जाऊन बसले आणि सगळे फुगे नवे घालायला सांगितले. स्वयंपाकघराच्या योजनेतली चिमणी तेवढी उरली होती, तीही गेली. सुटकेची किंमत म्हणून बायकोने ती सोडली.

रविवारी गाडी अशी धावली, की धाकट्यांनाच हेवा वाटला. चक्कर संपल्यावर थोरले इंजिन बंद करून खाली उतरले, खोटाच फोन कानाला लावून अर्धा तास चाकांकडे बघत उभे राहिले. गाडी केसभरही हलली नाही.

"बसत नाहीये," ते शेवटी म्हणाले.

"तुमच्यासाठी कशाला बसेल? तुमचे गुडघे ठणठणीत आहेत."

थोरल्यांना ते पटलं. थोडं आवडलंही. व्यवहार झाला, आणि त्या संध्याकाळी धाकटे नवराबायको छोट्या गाडीतून भटकून आले. बायकोने कपाटांच्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावली आणि काचेतून नुसतं पाहिलं.

पुढच्या रविवारी सासरी सगळे जमले. थोरले सासऱ्यांना घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आले, पोर्चमध्ये थांबले, इंजिन बंद केलं आणि विजयी मुद्रेने मागे टेकून बसले. सासऱ्यांनी दार उघडून ठेवलं होतं. ते वाट पाहत होते. पायरीवर सासूबाई, दोघी मुली आणि धाकटे, सगळेच वाट पाहत होते.

"बसली का?" सासऱ्यांनी विचारलं.

"बसेल, बाबा. दोन मिनिटं."

दोन मिनिटं झाली. दहा झाली. थोरल्यांनी दिसेल ते बटण दाबायला सुरुवात केली. वायपर फिरले. डिकी उघडली. आरसे मिटले.

"माझी सीट गरम होतेय," सासरे म्हणाले.

"होईल बाबा, होईल..."

"गरम नको, खाली घ्या!"

शेवटी दोघी मुलींनी दोन बाजूंनी धरून सासऱ्यांना उतरवलं. 'आई गं' शेजारच्या घरात ऐकू गेलं. पायरीवर बसून, गुडघे दाबत, त्यांनी निकाल दिला.

"मुक्या वस्तूलाही माया कळते. धाकट्यांकडे होती तेव्हा कशी बसायची. तुम्ही ती विकलीतच कशी, धाकटे? ती तुमच्याकडेच राहायला हवी. माझ्या गुडघ्यांसाठी म्हणा, पण परत घ्या."

"अहो बाबा, दादांचा जीव आहे तिच्यावर..." धाकटे घाईघाईने म्हणाले.

"बाबांच्या शब्दापुढे मी कोण?" थोरले म्हणाले, आणि किल्ली धाकट्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं स्वतःच्या हाताने मिटवली. धाकट्यांच्या बायकोने डोळे मिटले. बराच वेळ ते उघडले नाहीत.

सोमवारी स्पेशालिस्टने गाडी वरखाली तपासली आणि बाहेर येऊन, पहिल्यांदाच, मोठ्या आवाजात बोलला. "साहेब, अभिनंदन! एक नंबर आहे. इतक्या वर्षांत मी हिला इतकी ठणठणीत कधी पाहिली नाही."

"तोच तर त्रास आहे," धाकटे म्हणाले. "ते जुने, हवा जाणारे फुगे आहेत का हो तुमच्याकडे? परत बसवा. पाच मिनिटांत बसली पाहिजे."

स्पेशालिस्टने त्यांना पुन्हा बाजूला घेतलं. अशी केस त्याच्याकडे आली नव्हती.

"बसवतो," तो शेवटी म्हणाला. "पण आधीच सांगून ठेवतो साहेब, बिघाडाची वॉरंटी आम्ही देत नाही. मध्येच नीट चालायला लागली, तर जबाबदारी तुमची."