न थांबण्याची परवानगी

माणसाला प्रवासाला निघायचं असेल तर वाहन लागतं, वेळ लागतो आणि अंगात थोडी रग लागते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत याखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे वाटेवर राहणाऱ्या नातेवाइकांची ना हरकत. (परदेशी जाणाऱ्याला व्हिसा लागतो म्हणतात. पण तो देशागणिक एकच लागतो, घरागणिक नाही.)

खोडदच्या भगवंततात्यांना हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं, कारण तोवर ते एस.टी.नं फिरत होते. एस.टी. फाट्यावर थांबते आणि निघून जाते, तिला कोणी पाण्याचं विचारत नाही. सायकलचं तसं नाही. सायकलवरचा माणूस दिसतो, ओळखू येतो आणि मुख्य म्हणजे त्याला हाक मारता येते.

तात्यांचा बेत साधा होता. खोडदहून सायकलनं निघायचं ते मारवाडात जायचं. सोबतीला जुन्नरचे दलीचंद शेठ. शेठचं घराणं कापडाच्या धंद्यासाठी इकडं आलं त्याला पाच पिढ्या झाल्या, पण मारवाडातलं मूळ गाव शेठनी कधी पाहिलेलं नव्हतं. तात्यांना माती बघायची होती. आपली काळी माती नेमकी कुठं संपते, वाळू कुठं सुरू होते, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. रेल्वेतून ते दिसत नाही, जरा डोळा लागला की एक अख्खा प्रदेश मागं पडतो. डॉक्टरांनी होळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलं होतं आणि त्यानंतर सायकलचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. म्हणजे हातात हा एकच हिवाळा होता.

नियोजन रीतसर झालं. शेठच्या दुकानात गादीवर भारताचा नकाशा अंथरला. त्यात डोंगर, नद्या वगैरे किरकोळ तपशील होते. ते बाजूला ठेवून देशाचे खरे प्रदेश पाडण्यात आले, म्हणजे कुठं पुढ्यात काय येतं त्यावरून. आळेफाट्यापर्यंत पोह्यांचा प्रदेश. पुढं नाशिकपर्यंत मिसळीचा. खानदेश शेवभाजीचा. माळव्यात पुन्हा पोहे (नैसर्गिक कारण अज्ञात). मेवाडपासून दालबाटी. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि कांदा-बटाट्याला शिवत नाहीत, म्हणून त्यांचा देश त्याच नकाशावर वेगळ्या शाईनं काढला. तो बराचसा कोरा राहिला.

मग सराव फेरी. खोडद ते बेल्हे, अंतर वीसेक किलोमीटर. मुद्दाम बैलबाजाराचा दिवस निवडला, म्हणजे सगळे सोयरेधायरे बाजाराला गेलेले असतील आणि रस्ता मोकळा मिळेल. हा अंदाज अर्धा बरोबर निघाला. सोयरे बाजारालाच निघाले होते, त्यामुळे ते घरी न भेटता रस्त्यावर भेटले आणि तात्यांना घेऊन माघारी आपापल्या घरी गेले.

फेरीचा अहवाल पुढीलप्रमाणे. कापलेलं अंतर साडेसात किलोमीटर. वाटेतली घरं नऊ. पोहे अठरा बशा, त्या सगळ्या तात्यांनी संपवल्या (पोह्यांत कांदा, म्हणून शेठना चालत नव्हते, आणि भरलेली बशी परत गेली तर घर वर्षभर रुसतं). सूर्य कलला तशी शेठच्या जेवणाची घाई झाली, म्हणून मुक्काम तात्यांच्या बहिणीकडं, भागूबाईंकडं. दुसऱ्या दिवशी सायकली टेम्पोतून परत आल्या, कारण त्यांच्यावर दोन भोपळे, वांगी, अर्धं पोतं बाजरी आणि एक कोंबडी होती. कोंबडी शेठच्या सायकलला बांधली होती. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

या गतीनं मारवाड गाठायला एकशे तेहतीस दिवस लागत होते. जिल्हा ओलांडला की नातेवाईक संपतील, अशी तात्यांना आशा होती. पण जिल्ह्याच्या हद्दीपासूनच पुढं प्रत्येक बाजारपेठेत शेठचा कोणी ना कोणी साडू, मामेभाऊ किंवा विहीण निघाली. तात्यांचं गणगोत जिथं संपत होतं, तिथून शेठचं सुरू होत होतं, मध्ये एका तालुक्याचीही फट नव्हती. राष्ट्रीय एकात्मतेवर मुलं शाळेत निबंध लिहितात. ती सायकलला आडवी येते, एवढा मुद्दा निबंधात राहून जातो.

उपाय शेठनीच काढला. त्यांनी एक अर्ज छापून घेतला: ‘आम्ही खाली सही करणार लिहून देतो की, श्री. भगवंत व श्री. दलीचंद हे आमच्या दारावरून न थांबता गेल्यास आम्ही त्याचा काहीही अर्थ लावणार नाही.’

शेठच्या बाजूचे अर्ज मोबाइलवर दोन दिवसांत सह्या होऊन आले. तात्याही आपल्या बाजूचे तसेच पाठवणार होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नी साळुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “थांबनार न्हाई हे सांगायला तरी मानसानं घरी जायला पायजे. फोनवर कुनी असं बोलतं व्हय? तोंडावर दार लावल्यागत दिसंल ते.”

यात चूक काढायला जागा नव्हती. तात्या सायकल घेऊन निघाले. न थांबण्याची परवानगी मागायला प्रत्येक घरी थांबले. कुठं सही जेवणानंतर मिळाली, कुठं मुक्कामानंतर. आंबेगावच्या डोंगरातल्या मावसबहिणीनं तर चष्मा सापडेना म्हणून तीन दिवस ठेवून घेतलं. (चष्मा डोक्यावर होता. तो तात्यांना पहिल्याच दिवशी दिसला होता, पण पाहुण्यानं असं काही दाखवून द्यायचं नसतं.)

घरं एकूण त्रेसष्ट. माघ संपेपर्यंत बासष्ट सह्या झाल्या आणि प्रत्येक सहीखाली, कोणी कोणाला न विचारता, एकच ओळ हातानं लिहिलेली होती: ‘पण येताना थांबावं.’ या कामी तात्यांची सायकल अकराशे किलोमीटर चालली. शेठनी नकाशावर पट्टी ठेवून सांगितलं की इतक्यात मारवाडातलं गाव मागं टाकून आणखी शंभर किलोमीटर पुढं जाता आलं असतं. काळी, तांबडी, मुरमाड, सगळी माती चाकाला लागली होती. बघायला सवड झाली नव्हती, कारण पुढचं घर गाठायचं असायचं. आणि गुडघा सुजला होता.

त्रेसष्टावं घर व्याही सोमाजींचं. तात्यांची लेक तिथं दिलेली, आणि घराचा ओटा आळेफाट्याच्या रस्त्याला लागूनच. सोमाजींनी अर्ज दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवला.

“पावनं, माझं काय न्हाई, मी सही करतो. पर तुमी माझ्या दारावरनं सरळ गेला तर शेजारचा काय म्हनंल? सोयरिकीत वाकडं आलं म्हनंल. त्याची सही कोन आननार?”

“त्याची बी आनतो,” तात्या म्हणाले.

“मग त्याच्या शेजाऱ्याची?”

तात्यांनी बिनसहीचा अर्ज खिशात घातला. चहा पिऊन ते घरी आले. त्या दिवशी होळीला दहा दिवस उरले होते. इतक्यात मारवाड होत नाही, हे शेठनाही कळत होतं. निदान काळी माती जिथं संपते तिथवर जाऊन माघारी फिरायचं, असं दोघांचं ठरलं.

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला दोघं निघाले. सोमाजी ओट्यावरच उभे होते. त्यांनी हात वर केला, “या, पावनं.” तात्यांची मान त्या बाजूला वळली, पाय टेकायला खाली आला, आणि मागून शेठचा आवाज आला.

“तुम्ही व्हा पुढं, भगवंतराव. मी बसतो दोघांच्या वतीनं.”

एक माणूस टेकला की दाराची इज्जत राहते. शेठ टेकले. आपण पोह्यांना नाही म्हणू आणि अर्ध्या तासात तात्यांना गाठू, असा त्यांचा हिशेब होता. पण सोमाजींनी पोहे खास बिनकांद्याचे करून ठेवले होते. पाच पिढ्यांत पहिल्यांदाच शेठकडं नाही म्हणायला कारण उरलं नाही. ताज्या वृत्तानुसार त्यांचा तिथं दुसरा मुक्काम चालू आहे.

तात्या थांबले नाहीत. घाट चढेपर्यंत त्यांना सतरा फोन आले, त्यांतले अकरा सही केलेल्यांचे होते आणि सगळ्यांनी एकच विचारलं, व्याह्यांशी काय बिनसलं? तात्यांनी फोन पिशवीत टाकला, पलीकडच्या उताराला एका शेताच्या कडेला बसले आणि मूठभर माती उचलून बराच वेळ बघत राहिले. अजून काळीच होती. मग पुढं निघाले.

वाचताना तुम्हालाही वाटलं असेल, की बरं केलं तात्यांनी. एक माणूस, एक हिवाळा, जाऊ द्यावं त्याला. तात्या आता उत्तरेच्या रस्त्यानं येत आहेत. हिरवी सायकल, कानाला मफलर, डावा गुडघा जरा बाहेर काढून पायडल मारतात. इथून पुढं आपल्याला ओळखणारं कोणी नाही, या भरवशावर ते निर्धास्त आहेत. पण तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे तुम्ही त्यांना ओळखता. ते तुमच्या दारावरून जाताना दिसले तर तुम्ही काय कराल, हे विचारण्यात अर्थ नाही. एवढंच करा, की चहाचं आधण आधीच ठेवा, म्हणजे त्यांचा फार वेळ जाणार नाही.