टेबलाखालचा माणूस

सिनेमावाली मुलगी काकूंची मुलाखत घ्यायला घरी येणार होती, तेव्हा खुर्चीकाकांनी ठरवलं की आपण मध्ये मध्ये करायचं नाही. निर्णय चांगला होता. फक्त तो पाळताना ते दुपारभर झोपून राहिले आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

काकांनी एका मोठ्या हॉस्पिटलात जन्मभर सुतारकाम केलं होतं. त्यात खुर्च्या दुरुस्त करण्याचंच काम जास्त, म्हणून ते खुर्चीकाका. त्यांची बायको त्याच हॉस्पिटलात फोनच्या बोर्डावर बसायची, म्हणून ती हॅलोकाकू. अडतीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, हॉस्पिटलच्या तळघरात आग लागली. धूर वर चढला. जो तो बाहेर पळत होता, पण हॅलोकाकू जागच्या हलल्या नाहीत. एकेका वॉर्डाला फोन लावून कुठल्या जिन्याने पेशंट उतरवायचे ते सांगत बसल्या. चांगले दोन तास. सगळे पेशंट सुखरूप बाहेर आले. आता त्यावर सिनेमा निघत होता आणि तो लिहिणारी मुलगी सगळं खरं काय झालं ते वहीत टिपून घेत होती.

ती चार दिवस दुपारची आली. काका झोपलेच होते, पण माणूस झोपला तरी किती झोपणार? (सराव होता, तरीही.) पहिल्या दिवशी ते उठून बाहेर आले आणि माझा चष्मा कुठे गेला म्हणून विचारलं. चष्मा कपाळावर होता. दुसऱ्या दिवशी चहा उरलाय का ते विचारलं. तिसऱ्या दिवशी पंखा फार जोरात फिरतोय अशी तक्रार केली. चौथ्या दिवशी त्या मुलीला पाहून म्हणाले, "अरे वा, कोण पाहुणे? कधी आलात?"

मुलगी हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहिलं.

काही महिन्यांनी सिनेमा आला. लेक, जावई, शेजारचे मास्तर अशी सगळी फौज थेटरात गेली. पडद्यावर आधीच मोठ्या अक्षरांत आलं, सत्य घटनेवर आधारित. काका सरसावून बसले. खरंखोटं तपासायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. फोनचा बोर्ड आला, बरोबर होता. काकूंचा निळा स्वेटर, कोपराला विटलेला, बरोबर. कान तुटलेला कपसुद्धा बरोबर. आणि खुर्ची आली तेव्हा तर त्यांनी जावयाला ढोसलं. त्या खुर्चीचा वेत त्यांनी स्वतः विणला होता आणि सिनेमावाल्यांनी तशीच वीण हुडकून काढली होती.

मग आग लागली आणि काका स्वतःची वाट पाहू लागले.

कारण त्या दुपारी ते तिथेच होते. बोर्ड ज्या टेबलावर होता त्याचा एक पाय डगमगत होता. तो काढून नवा बसवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी जुना पाय काढला, नवा हातात घेतला आणि तेवढ्यात आगीची घंटा वाजली. टेबल सोडावं तर बोर्ड खाली येतो. म्हणून ते दोन तास ते टेबल पाठीवर घेऊन खाली ओणवे राहिले होते. तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. ते पुढे झालं, पाठ सरळ झाल्यावर.

पण पडद्यावरच्या टेबलाला चारही पाय होते. खाली कोणी नव्हतं.

वर मात्र होता. धुरातून एक डॉक्टर आला. उंच, रुंद, डोक्यावर केस इतके की तिघांना वाटून पुरले असते. त्याने खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, पाण्यात बुडवला, काकूंच्या नाकातोंडावर हळुवार बांधला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू बोलत राहा. मी आहे."

काकांनी शेजारी पाहिलं. काकू डोळे पुसत होत्या.

तिथून पुढचा सिनेमा काकांनी पाहिला असं म्हणता येणार नाही. सिनेमात पुढे काकू म्हाताऱ्या झाल्या. त्यांना एक टक्कल पडलेला नवरा होता. तो सारखा बनियनवर फिरायचा आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा. थेटर हसून लोळलं. लेकीला तर ठसका लागला. जावई छताकडे बघत राहिला. काकांना मात्र त्या नवऱ्याचा राग आला. असा बावळट माणूस घरात असल्यावर बाईला डॉक्टर आठवणार नाही तर काय होणार?

त्या दिवसापासून काकांच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर ओवा चालण्यासारखा नव्हता. ते रंधा मारतानाही विचार करू लागले. कप खरा. स्वेटर खरा. खुर्ची तर त्यांच्या हातची. एवढं सगळं खरं असताना डॉक्टर तेवढा खोटा कशाला असेल? आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते स्वतः साक्षीला हजर असून नसल्यासारखे होते. टेबलाखालून त्यांना दोन तास फक्त काकूंच्या चपला दिसत होत्या. वर काय चाललं होतं, कोण आलं, कोणी काय बांधलं, त्यांना काय कळणार?

सरळ विचारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा भाजी निवडता निवडता ते म्हणाले, "आपल्या हॉस्पिटलात डॉक्टर बरेच होते, नाही?"

"हॉस्पिटलात डॉक्टरच असणार," काकू म्हणाल्या. "शिंपी असतात का?"

"तसं नाही. उंच असे कोण कोण होते?"

काकूंनी सुरी खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

खिळे आणायला जातो सांगून काकांनी तो सिनेमा आणखी तीन वेळा पाहिला. तिन्ही वेळा खिळे न घेता परत आले. पडद्यावरच्या टेबलाभोवती कुठे आणखी एखाद्या माणसाच्या चपला दिसतात का, ते नीट बघत होते. मग त्यांनी केस उलटे फिरवायला सुरुवात केली, म्हणजे जेवढे होते तेवढे. खिशात रुमाल ठेवू लागले. एवढ्यात सिनेमाला पन्नास दिवस झाले आणि थेटरात सत्कार ठरला. काकूंना स्टेजवर बोलावणं होतं. डॉक्टर झालेला नटही येणार होता. काकांनी जाहीर केलं की त्यांची पाठ दुखते, ते येणार नाहीत.

"कालपर्यंत दुखत नव्हती," काकू म्हणाल्या.

"अडतीस वर्षं दुखतेय," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

सत्काराच्या आदल्या सकाळी काकू स्वयंपाकघरात होत्या. कढईत मिरच्या करपल्या आणि घरभर धूर झाला. काका दिवाणखान्यात होते. धूर पाहिला आणि त्यांच्या अंगात काहीतरी संचारलं. ही संधी पुन्हा येणार नव्हती. त्यांनी खिशात हात घातला, तर रुमाल धुवायला गेलेला. समोर बादली होती. तिच्यातलं हाताला लागलं ते फडकं पिळलं, धावत आत गेले आणि मागून काकूंच्या नाकातोंडावर करकचून बांधलं.

"तू बोलत राहा," ते म्हणाले. "मी आहे."

काकूंना बोलता येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या हातातला झारा उडाला, तो काकांच्या नव्याने उलट्या फिरवलेल्या केसांवरून घसरून डब्यांवर पडला. पिठाचा डबा खाली आला. काका त्यावरून घसरले आणि ओट्याखाली जाऊन बसले. धूर आणि पीठ खाली बसायला वेळ लागला. काकूंनी फडकं सोडलं, त्याचा वास घेतला आणि त्या ओट्याला टेकून हसायला लागल्या. हसता हसता रडायलाही लागल्या.

"फरशीचं फडकं," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षांनी पुन्हा तेच."

"पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे काय? त्या दिवशी टेबलाखालून फडकं कोणी वर दिलं होतं? सफाईची बादली तुमच्याजवळ होती. मी आठ दिवस फिनेलचा वास घेत होते."

काकांना अंधूक आठवलं. हाताला काहीतरी ओलं लागलं होतं, ते त्यांनी वर सरकवलं होतं खरं. "पण तो रुमाल, खांद्यावर हात..."

"माझ्या खांद्यापर्यंत तुमचा हात पोचत होता का? तुम्ही टेबल धरून बसला होतात."

"मग तो बोलला ते?"

"ते कोण बोललं होतं, आठवा."

काका ओट्याखालीच बसून आठवू लागले. टेबल हललं होतं. बोर्ड पडेल म्हणून ही बाई बोलायची थांबली होती. तेव्हा ते ओरडले होते, "तुम्ही बोला हो, मी आहे खाली!"

"त्यातला 'खाली' तेवढा काढला त्यांनी," काकू म्हणाल्या. "त्या देखण्या माणसाच्या तोंडून तुमचं वाक्य आलं आणि शेजारी तुम्ही लाह्या चघळत होतात. मग डोळ्यांत पाणी नाही येणार?"

काकांनी कानातलं पीठ झटकलं. मग त्यांनी विचारलं, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? उंच डॉक्टर कोण कोण होते ते विचारत होतात."

तरी खात्री असावी म्हणून काकांनी त्या सिनेमावाल्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली की हो काका, तो डॉक्टर म्हणजे तुम्हीच. पण काकूंनी सांगितलेला माणूस आणि घरात भेटलेला माणूस एकच आहे हे लोकांना पटलं नसतं, म्हणून आम्ही एकाचे दोन केले. तिचं पहिलं वाक्य काकांनी कान देऊन ऐकलं. दुसरं चालू असताना ते सत्काराला कुठला शर्ट घालायचा त्याचा विचार करत होते.

पाठ एका दिवसात बरी झाली. सत्काराला काका सगळ्यांच्या आधी तयार होते. थेटराच्या दारात नट भेटला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून काम बरं केलंस म्हणून सांगितलं. जवळून पाहिल्यावर तो फार उंच नव्हता. (केस मात्र त्याचेच होते, काकांनी नीट बघितलं.)

मग गर्दीतून एक गृहस्थ थेट काकांकडे आले. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला ओळखलं मी," ते म्हणाले. "सिनेमा दोनदा पाहिला, फक्त तुमच्यासाठी."

काकांची छाती फुगली. त्यांनी हळूच काकूंकडे पाहिलं, त्या ऐकतायत ना ते बघायला. "छे हो," ते म्हणाले. "त्या वेळी जे सुचलं ते केलं."

"काम उत्तमच. राग येणार नसेल तर एकच सांगतो." गृहस्थांनी आवाज खाली आणला. "तो नवरा तुम्ही जरा जास्तच रंगवलात. सत्य घटना म्हणता, मग थोडं खऱ्याला धरून नको का? डोक्यावर चष्मा ठेवून घरभर शोधणारा माणूस खरोखर असतो का कुठे?"

हा असं बोलणारा आहे तरी कोण, त्याचं तोंड नीट बघून घ्यावं म्हणून काकांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही खिसे चाचपले.

काकूंनी हात वर केला आणि त्यांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.