झुंबरचे अर्धे घरटे

मुलांनो, एका जंगलात मोबाइलला रेंज फार चांगली येत असे. नाहीतर ही गोष्ट घडलीच नसती.

तिथे विहिरीवर झुकलेली एक बाभूळ होती. तिच्यावर झुंबर नावाचा सुगरण पक्षी घरटे विणत होता. सुगरण पक्ष्यांत घर नर विणतो आणि मादी तपासते. घर अर्धे झाले की ती येते, चोचीने ओढून बघते. पसंत पडले तर संसार सुरू होतो. नाहीतर ती शेजारच्या फांदीवर जाते. तुमच्या घरी असे नसेल तर मोठ्यांना विचारू नका, उगाच वाद होतील.

एके दिवशी रेशीम नावाची मादी आली. तिने गवताची दोन पाती ओढून बघितली.

"वीण घट्ट आहे," ती म्हणाली. "खालचं आत जायचं बोळकांडं तेवढं पुरं करा. चार दिवसांनी येते. अंडी घालायचे दिवस जवळ आलेत."

झुंबर आनंदाने फांदीला उलटा लोंबकळला. रेशीम त्याला मनापासून आवडली होती.

दुसऱ्याच दिवशी वडावर कार्यक्रम होता. 'माझा उद्योजकीय प्रवास'. वक्त्या कोकिळामॅडम. त्यांनी आयुष्यात एक काडी उचलली नव्हती, तरी त्यांची पिल्ले अकरा घरट्यांत वाढत होती. सोबत त्यांचे यजमान कोकिळराव होते. ते डिजिटल मार्केटिंगचे प्रमुख. म्हणजे आंब्यावर बसून दिवसभर एकच ओळ ओरडत.

"मी शून्यातून सुरुवात केली," मॅडम म्हणाल्या, "आणि आजही स्वतः काहीच करत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कावळीण तेवढी आली नव्हती. तिच्या घरी मॅडमचे पिल्लू भुकेले होते.

झुंबरने पंख वर केला. "माझं घरटं अर्धं झालंय. पुढे काय करू?"

"काही करू नका!" कोकिळराव ओरडले. "अर्धं आहे तोवर लोकांना त्यात स्वप्न दिसतं. पुरं केलंत की नुसतं घरटं दिसेल. विणणं बंद, दाखवणं सुरू!"

झुंबरला ते पटले. त्याने अर्ध्या घरट्यापुढे पंखांची घडी घालून फोटो काढला आणि टाकला. मग 'मी पहाटे चारला का उठतो' हे लिहिले. उठत होता तो सातला. तिसऱ्या दिवशी चारशे पक्ष्यांनी त्याचे अभिनंदन केले. कशाबद्दल, ते कोणी विचारले नाही.

चौथ्या दिवशी रेशीम आली. बोळकांड्याचा पत्ता नव्हता.

"अहो, मी अंडी कुठे घालू?"

"आधी माझा प्रवास तर बघा," म्हणत झुंबरने मोबाइल पुढे केला.

तिने बघितला. लाइकही केला. मग ती शेजारच्या फांदीवर गेली. तिथे एका अबोल नराने घरटे पुरे करत आणले होते.

झुंबर ढसाढसा रडला. तेवढ्यात कोकिळराव आले.

"वा! हे रेकॉर्ड केलंत ना?"

झाले! 'घर गेल्यावर मी कसा उभा राहिलो' हे झुंबरचे भाषण तुफान गाजले. वडावर मॅडमच्या शेजारी त्याची खुर्ची लागली. तरुण पक्ष्यांना तो घरटे विणण्याचे धडे देऊ लागला.

एकदा रेशीम नवऱ्याला घेऊन ऐकायला आली. झुंबरच्या नावाचा जयजयकार झाला, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"बघा, हे कुठल्या कुठे पोचले," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर तुम्ही! बसलात विणत."

नवऱ्याने पंख उघडले. वारा सुटला होता आणि घरी तीन पिल्ले होती. दोघे लगबगीने उडाले.

झुंबरही हार सावरत बाभळीवर परतला. त्याचे अर्धे घरटे वाऱ्याने कधीच नेले होते. तो उघड्या फांदीवर अंग चोरून बसला आणि शेजारच्या घरट्यातली चिवचिव ऐकत राहिला.

तात्पर्य : घरटे कधीही पुरे करू नये. पुरे केले की त्यात राहावे लागते, आणि सुखाने घरात राहणाऱ्याला भाषणाला कोणी बोलावत नाही.