होडी समजून केलेली मोटार

"लाकूडकाम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!" जयप्रकाशरावांनी असं जाहीर केलं, तेव्हा स्मिताताईंनी पोळी लाटता लाटता देवाचं नाव घेतलं. हेच वाक्य त्यांनी देव्हारा करायच्या वेळीही ऐकलं होतं. त्या देव्हाऱ्यात देव अजूनही तिरके बसतात.

पण या वेळी प्रश्न लेकीला दिलेल्या शब्दाचा होता. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत ताडपत्रीखाली एक जुनी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार पडून होती. जयप्रकाशरावांनी ती उमेदीच्या काळात हौसेने घेतली होती. मनाली फ्रॉकमध्ये होती, तेव्हा तिला त्या गाडीत बसवून ते म्हणाले होते, "तुला सासरी याच गाडीतून पाठवणार!" आता मनालीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. इंजिन महाप्याच्या मेकॅनिकने सुरू करून दिलं, पण पत्र्याच्या आतला सांगाडा सगळा लाकडी, डॅशबोर्डही लाकडी, आणि ते लाकूड वाळवीने इतकी वर्षं सावकाश, चवीने खाल्लं होतं.

जयप्रकाशराव व्हिडिओ बघून डॅशबोर्ड करायला बसले. स्पीडोमीटरसाठी पाडलेलं भोक एवढं मोठं झालं, की स्मिताताईंनी त्यातूनच त्यांना चहाचा कप दिला. मग ते रबाळ्याच्या फर्निचरवाल्याकडे गेले.

"साहेब, प्लायवूड टाकू, वर मस्त सनमायका मारू! एकदम वॉटरप्रूफ!"

जयप्रकाशराव दुखावल्या मनाने घरी आले.

शेवटी मार्ग स्मिताताईंच्या मासळीवालीने काढला. दिवाळे कोळीवाड्याच्या गोजराबाई म्हणाल्या, "आमचे मालक होऱ्या बनवतान. त्यांना दाखवा." गाडी टोचन करून खाडीवर, होड्या बांधायच्या जागी गेली. गोजराबाईंच्या नवऱ्याने, गोटीरामने, आत डोकं घालून पाहिलं.

"यो तं होरीचाच सांगारा हाय! करतंव."

जयप्रकाशरावांना भरून आलं. भरून आलं की त्यांचा जिभेवर ताबा राहत नाही.

"गोटीराम, तुमची स्वतःची होडी समजून करा! होडीला जे जे करता, ते सगळं करा!"

"सगला?"

"सगळं! काही राहता कामा नये!"

गोटीरामने बायकोकडे पाहिलं आणि मान डोलावली.

त्यानंतर जयप्रकाशराव लग्नात बुडाले. त्यांना सगळ्यात धास्ती होती ती खारघरच्या विहीणबाईंची. सुनयनाताईंच्या घरात अंड्याचा केकसुद्धा उंबरा ओलांडत नसे. त्यांच्या पार्किंगमधले उंदीर गाड्यांच्या वायरी कुरतडत, पण विष नाही, पिंजरा नाही. "उंदीर झाला म्हणून काय झालं, त्यालाही जीव आहे!" त्यांचे यजमान मुकाट्याने पुन्हा पुन्हा वायरिंग बदलून घेत.

लग्नाच्या आदल्या दिवशी जयप्रकाशराव गाडी आणायला गेले आणि जागीच थबकले. सांगाड्याच्या गोलाया कशा अंगासरशी बसल्या होत्या! सागवानी डॅशबोर्डात तोंड दिसत होतं. बॉनेटवर झेंडूचा हार होता, मागे लाल निशाण होतं आणि नाकावर ठळक अक्षरांत 'मनाली' लिहिलं होतं.

"पोरीचा नाव लिवलाय. होरीला नाव नको?" गोटीराम म्हणाला.

जयप्रकाशरावांचे डोळे भरून आले. त्यांनी सुखाने एक दीर्घ श्वास घेतला. तिथेच घात झाला.

"गोटीराम! हा वास कसला?"

"तेल हाय. मुशी मासलीचा. तेल लावल्याबिगर होरी पान्यात घालतान काय कोनी? आतून-भायेरून पाजलाय. आता कीर लागनार नाय!"

"आन आत बसताना चपला भायेर! होरी म्हंजे देवी!" गोजराबाईंनी बजावलं.

घरी आल्यावर जयप्रकाशरावांनी गाडीत कॉफी पसरली, कापूर जाळला आणि अख्खी अत्तराची बाटली ओतली. त्यामुळे एवढंच झालं, की गाडीला लग्नाला निघालेल्या बोंबलासारखा वास येऊ लागला. खाली मांजरं जमायला लागली होती.

लग्नाच्या दिवशी त्यांनी गाडी हॉलच्या मागे, अगदी कोपऱ्यात लपवली. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वारा फिरला.

सुनयनाताईंचा घास हातातच राहिला.

"मासे! इथे मासे शिजतायत!"

"आईशप्पथ नाय ओ मॅडम!" केटरर यशराज धावत आला. "प्युअर व्हेज किचन आहे!"

"मग माझं नाक खोटं बोलतंय का?"

वराकडची मंडळी पानावरून उठली. यशराजच्या तोंडचं पाणी पळालं. जयप्रकाशराव गप्प राहिले असते तर केटररच्या डोक्यावर खापर फुटून गाडी सुटली असती. पण समोर मनालीचा चेहरा उतरला होता, आणि तो त्यांना बघवेना.

"वास माझ्या गाडीला येतोय!" ते ओरडले. "यशराजचा काही दोष नाही!"

सगळं वऱ्हाड मागे गेलं. बॉनेटवर चार, सीटवर दोन आणि निशाणाखाली एक, अशी मांजरं बसली होती. सुनयनाताईंनी पदर नाकाला लावला. मनालीने मात्र गाडीच्या नाकावरचं आपलं नाव वाचलं, मग ती बापाकडे बघत राहिली.

"बाबा, झाली ही? खरंच झाली?"

"झाली! फक्त चपला बाहेर!"

तिने सँडल काढल्या, मांजरांना हाकललं आणि शालूसकट आत जाऊन बसली. नवरदेव ऋषीने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बूट काढले.

"जा," सुनयनाताई पदराआडून म्हणाल्या. "पण दोघांनी खालीच हातपाय धुवायचे. आणि उद्या सकाळी गाडी यांच्या दारात परत!"

गाडी निघाली, मागोमाग मांजरं निघाली. जयप्रकाशराव तिथेच उभं राहून लहान मुलासारखे रडले. शब्द पाळला गेला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी भीत भीत फोन केला.

"राहू द्या हो, घाई काय!" विहीणबाईंचा आवाज चक्क गोड होता.

खरा प्रकार मनालीने सांगितला. सेक्टरमधली यच्चयावत मांजरं आता त्यांच्या पार्किंगमध्ये मुक्कामाला होती, आणि उंदरांनी रातोरात बाडबिस्तरा गुंडाळला होता. विष नाही, पिंजरा नाही!

तेव्हापासून जयप्रकाशराव दर रविवारी खारघरला जातात, चपला काढून आपल्याच गाडीत मांजरांमध्ये घटकाभर बसतात आणि बसने परत येतात. गाडी परत मागायची हिंमत त्यांना अजून झालेली नाही. परवा ते मनाचा हिय्या करून विषय काढणार, तेवढ्यात सुनयनाताईच हळू आवाजात म्हणाल्या,

"व्याही, तो वास हल्ली जरा कमी झालाय हो. तेवढं गोटीरामना सांगून तेलाचा आणखी एक हात मारून घ्याल का?"