आईला बोट लागावी म्हणून

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल पटकावल्यापासून मंजुश्रीची खात्रीच पटली होती, की आपण बोलायला लागलो की समोरच्याचं मन वळलंच म्हणून समजा. आता तिला एकाच माणसाचं मन वळवायचं होतं. तो माणूस म्हणजे तिची सख्खी आई!

त्याचं असं झालं. मंजुश्रीचे अप्पा, म्हणजे सिद्धराम, यांचं लातूरच्या मार्केट यार्डाजवळ खता-बियाण्यांचं दुकान. यंदा सोयाबीनचं बियाणं त्यांनी असं काही खपवलं, की खूश होऊन कंपनीनं त्यांना थेट दक्षिण अमेरिकेच्या क्रूझवर पाठवायचं ठरवलं. अर्जेंटिनात जहाजावर चढायचं, खंडाच्या खालच्या टोकाला वळसा घालायचा आणि चिलीत उतरायचं. ज्या लातूरला एकदा प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, त्या लातूरची माणसं आता दोन-दोन महासागर बघणार! जागा मात्र दोनच होत्या आणि कोण जाणार ती नावं सोमवारी कंपनीला कळवायची होती.

अप्पांच्या मते त्यात विचारायचं काय, दुसरी जागा गौरम्माची, म्हणजे मंजुश्रीच्या आईची. मंजुश्रीच्या मते आईला लातूरबाहेर झोप येत नाही, भूगोलात पैकीच्या पैकी मार्क मंजुश्रीला पडतात आणि पासपोर्ट तर घरात तिघांचेही तयार आहेत. तेव्हा जागा मंजुश्रीची. फक्त ‘मला न्हाई जायचं’ एवढं वाक्य आईच्या तोंडून निघायला हवं होतं.

म्हणून तिनं प्रवासाच्या तयारीची सूत्रं स्वतःकडं घेतली. तयारी म्हणजे अर्थातच आईला घाबरवणं.

आधी तिनं जेवणाचा विषय काढला. त्या देशांत सकाळ-दुपार-संध्याकाळ नुसतं मटणच ताटात येतं, हे तिनं ढाल मिळवलेल्या आवाजात सांगितलं. आईनं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरात शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. धपाटे किती दिवस टिकतात यावर शेजारणींची बैठकही बसली. मग मंजुश्रीनं थंडीचा विषय काढला. बर्फाचे डोंगर, हाडं गोठवणारा वारा, पेंग्विन! मोबाइलवर फोटो दाखवले. आईनं चष्मा लावून एकेक फोटो निरखला.

“त्या पेंग्विनच्या अंगात कुठं स्वेटर हाय? हायच की ते जिवंत.”

मंजुश्रीनं मोबाइल आणि भूगोल दोन्ही बाजूला ठेवले.

शेवटचं हत्यार उरलं ते बोट लागण्याचं. समुद्रात जहाज डुलतं, डोकं गरगरतं, माणूस आडवा होतो, असं सांगून मंजुश्रीनं जाहीर केलं, की सरावाशिवाय जाणं धोक्याचं आहे. लातुरात सरावापुरतं पाणी आणायचं कुठून? तेव्हा रविवारी सगळी वरात नांदेडला आईच्या धाकट्या बहिणीकडं, महानंदा मावशीकडं निघाली. तिथं गोदावरी होती, नाव होती आणि नाव चालवणारा व्यंकटही होता. मंजुश्रीनं त्याला बाजूला घेऊन गुपचूप सांगून ठेवलं, की मधोमध गेल्यावर नाव जरा हलवायची. अगदी जहाजासारखी.

व्यंकट शब्दाचा पक्का निघाला. नदीच्या मध्यावर त्यानं दोन्ही पाय फाकवून नावेला अशी काही गती दिली, की ती सुपातल्या ज्वारीसारखी पाखडली जायला लागली. मावशी खिदळायला लागली. आई पुढच्या फळीवर पदर खोचून बसली होती, वारा खात होती आणि लहानपणी जत्रेतल्या पाळण्यातून कुणी उतरवायला आलं की आपण कसं भोकाड पसरायचो ते सांगत होती. अप्पांचा चेहरा मात्र धुतलेल्या धोतरासारखा पांढरा पडला होता. त्यांनी मंजुश्रीची ओढणी दोन्ही मुठींत धरली होती. आणि मंजुश्री? मंजुश्री नावेच्या काठावर पोट टेकवून गोदामाईला सकाळचा सगळा नाश्ता अर्पण करत होती.

“ताई, आजून हलवू का?” व्यंकटनं विचारलं.

“हलवा की,” आई म्हणाली. तिला वाटलं, आपल्यालाच विचारतोय.

मावशीच्या घरी परतल्यावर अप्पा बराच वेळ फरशीवर मांडी घालून बसले होते. खुर्चीवर बसायलासुद्धा तयार नव्हते. खुर्ची हलते म्हणे! मग घसा खाकरून त्यांनी सांगायला सुरुवात केली, की ऐन रब्बीत दुकान बंद ठेवणं बरोबर नाही, हरभऱ्याचं गिऱ्हाईक तुटेल, शेवटी धंदा आधी.

“तुम्हाला भ्या वाटायलंय का?” आईनं विचारलं.

“भ्या कशाचं? दुकान हाय म्हनून मी न्हाई जात.”

मंजुश्रीच्या काळजानं टुणकन उडी मारली. जागा रिकामी झाली होती! आईऐवजी अप्पा गळाले होते, पण जागा ती जागाच ना? अप्पांबद्दल वाईट वाटायला हवं होतं आणि तसं ते वाटलंही, पाणी प्यायला लागतं तेवढा वेळ. मग ती आईला चिकटून बसली, चेहरा होईल तेवढा गरीब केला आणि एवढ्या लांब आईनं एकटीनं कसं जायचं, याची काळजी बोलून दाखवली.

आईला भरून आलं. तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले.

“लई जीव लावतीस गं. मंजे, तुलाच नेलं असतं बघ. पण तुला तर नदीबी सोसत न्हाई, समुद्र कसा सोसंल? तवा महानंदालाच घेऊन जाते.”

मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जाऊन आल्यापासून मावशीचा पासपोर्ट कपाटात तयारच पडून होता. ती लगेच उठून मोठी बॅग शोधायला लागली. तयारीचं मात्र मंजूनंच बघायचं, तिला सगळं ठाऊक असतं, असं दोघी बहिणींनी एकमतानं ठरवूनही टाकलं.

आता बोलायलाच हवं होतं. मंजुश्री ताठ उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि तोंडावर हात दाबून मोरीकडं पळाली.